ज्या खात्याची पोल उघडली त्याच खात्याचा साहेब

रॉबर्ट वीव्हर म्हटलं की १९६६ चा अमेरिकेतला पहिला कृष्णवर्णीय कॅबिनेट मंत्री, एवढं सांगून लोक मोकळे होतात. मला त्याच्या आधीची तीस वर्षं जास्त इंटरेस्टिंग वाटतात.

जन्म १९०७, वॉशिंग्टन. शाळेत असतानाच इलेक्ट्रिशियनचं काम शिकला, पण युनियन काळ्या माणसाला घेईना. मग हार्वर्ड, १९३४ ला इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी. त्याच वर्षी सरकारने एफएचए (फेडरल हाऊसिंग अॅडमिनिस्ट्रेशन) काढलं, म्हणजे होमलोन बुडालं तर नुकसान सरकार भरणार, त्यामुळे बँका स्वस्तात आणि लांब मुदतीचं कर्ज द्यायला लागल्या. मस्तच की. पण एफएचएच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं की वेगवेगळ्या वंशाचे लोक एकत्र राहतात तिथे रिस्क जास्त, आणि 'हे घर काळ्यांना विकणार नाही' असे करार असले तर उत्तम! म्हणजे पगार चांगला असूनही कर्ज नाही, मग सगळे त्याच चार गल्ल्यांत कोंबलेले, मालक एका फ्लॅटचे चार तुकडे करून भाडं दामटून घेणार, आणि नंतर व्हॅल्युअर येऊन म्हणणार, बघा, एरिया खराबच आहे.

वीव्हर १९३३ पासून सरकारी नोकरीत होता, सरकारी बांधकामांवर काळ्या कारागिरांना कोटा मिळावा म्हणून त्याने खटपट केली. १९४८ ला 'द निग्रो घेटो' हे पुस्तक आलं. मुद्दा सरळ होता, उत्तरेकडच्या शहरांतल्या या वस्त्या काही आपोआप झाल्या नाहीत, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतून काळ्या लोकांचे लोंढे आले तेव्हापासून करार, बिल्डर, बँका आणि सरकार यांनी मिळून त्या घडवल्यात. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने शेली विरुद्ध क्रेमर केसमध्ये सांगितलं की असे करार कोर्ट अमलात आणणार नाही. करार करायला मात्र बंदी नाही, ही त्यातली ग्यानबाची मेख.

आणि गंमत बघा, १९६१ मध्ये केनेडींनी याच माणसाला ज्या एजन्सीचा प्रमुख केलं तिच्याच हाताखाली एफएचए होतं. १९६२ ला केनेडींनी शहरांसाठी वेगळं खातं मागितलं, मंत्री वीव्हर होणार हे माहीत असल्याने दक्षिणेतले खासदार आडवे आले, खातं शेवटी जॉन्सनच्या काळात, १९६५ ला झालं. घरं विकताना-भाड्याने देताना भेदभाव नको हा कायदा १९६८ ला, मार्टिन ल्युथर किंगच्या हत्येनंतर आठवड्याभरात सही झाला. पण तक्रार आली तर वीव्हरच्या खात्याने काय करायचं, तर दोघांना बसवून समेट घडवायचा, बस्स. खात्याच्या हातात खरे दात आले १९८८ ला, तोवर वीव्हर न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजमधून शिकवून रिटायरही झाला होता.