मोहोराआधीचा सौदा: अमेरिकी फुटबॉलमधल्या ट्रेडचा हिशेब

4 नोव्हेंबर 2025 हा एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळाडूंची अदलाबदल करायचा त्या हंगामातला शेवटचा दिवस होता. त्या एका दिवसात न्यू यॉर्क जेट्सनी आपले दोन सर्वोत्तम बचावपटू विकले. सॉस गार्डनर इंडियानापोलिस कोल्ट्सकडे गेला आणि क्विनन विल्यम्स डॅलस काउबॉइजकडे. जेट्सच्या पदरात पडले पहिल्या फेरीचे तीन पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क), दुसऱ्या फेरीचा एक आणि दोन तरुण खेळाडू. संध्याकाळपर्यंत अमेरिकेतल्या प्रत्येक क्रीडावाहिनीवर निकाल लागला होता: कोल्ट्सना बी, जेट्सना ए, काउबॉइजना कुणाचा सी तर कुणाचा डी. गंमत अशी की ज्या पिकांवरून हे गुण वाटले जात होते, त्यातला सगळ्यात लांबचा 2027 मध्ये वापरला जाणार होता. पेपर लिहून व्हायच्या आधीच गुणपत्रिका वाटून झाली होती!

आधी एक खुलासा. हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकी फुटबॉल. आणि इथला ट्रेड आपल्या आयपीएलसारखा नाही. 2023 मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईकडे परतला तो रोख पैशांवर; 2025 मध्ये संजू सॅमसन चेन्नईला गेला आणि जडेजा व सॅम करन राजस्थानकडे आले, तेव्हा माणसांच्या बदल्यात माणसं गेली. एनएफएलमध्ये मुख्य चलन ना पैसा, ना माणूस. तिथलं चलन आहे पिक, म्हणजे दर वसंतात कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये आपल्या पाळीला एकाला निवडायचा हक्क. कोकणात मोहोर यायच्या आधीच आंब्याची बाग मक्त्याने देतात, तसलाच हा प्रकार. फळ किती धरेल हे देणाऱ्याला माहीत नसतं आणि घेणाऱ्यालाही.

हा ड्राफ्ट सुरू झाला 1936 मध्ये. आदल्या हंगामात जो शेवटचा, तो निवडीला पहिला, हा त्याचा नियम. दुबळ्या संघाला हात मिळावा म्हणून फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी तो सुचवला होता. ईगल्स स्वतःच तळाला होते, हा भाग वेगळा. त्यांनी पहिल्या क्रमांकावर जे बरवँगरला निवडलं आणि त्याच्यावरचा हक्क लगेच शिकागो बेअर्सना देऊन टाकला. बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. म्हणजे ड्राफ्टच्या इतिहासातला पहिलावहिला पिकच ट्रेडमध्ये गेला, आणि घेणाऱ्याला त्यातून काहीही मिळालं नाही.

पुढच्या काळात तर माणसांचे गठ्ठे विकले जात. 1952 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी लेस रिक्टर या एका खेळाडूच्या हक्कासाठी डॅलस टेक्सन्स नावाच्या संघाला 11 खेळाडू दिले. त्यात रिक्टर आधी दोन वर्षं सैन्यात जाणार होता. आजच्या हिशेबाने रॅम्सना नापासच केलं असतं. पण रिक्टर परतला, आठ वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडला गेला आणि 2011 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला. 11 जण मिळालेला टेक्सन्स मात्र त्याच हंगामात बंद पडला.

अशा सौद्यांची लोक चर्चा करत, हळहळत, विसरून जात. ‘कोण जिंकलं, कोण हरलं’ असा ताळेबंद मांडायची आजची सवय ज्या एका ट्रेडमुळे पक्की झाली, तो झाला 12 ऑक्टोबर 1989 ला. तो नीट समजून घ्यायला हवा, कारण नंतरचं सगळं त्याच्याच सावलीत घडलंय.

त्या वर्षी जेरी जोन्स या तेल व्यावसायिकाने डॅलस काउबॉइज विकत घेतले, टॉम लँड्रींसारख्या दैवताला काढलं आणि कॉलेज फुटबॉलमधून जिमी जॉन्सनला प्रशिक्षक म्हणून आणलं. संघ रद्दी होता. तो हंगाम त्यांनी 1 विजय आणि 15 पराभवांनी संपवला. संघात किंमत असलेला माणूस एकच: रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, हर्शेल वॉकर. आदल्या हंगामात त्याने 1514 यार्ड धाव काढली होती. जॉन्सनने ठरवलं, यालाच विकायचं. दुसरीकडे मिनेसोटा व्हायकिंग्जचे व्यवस्थापक माइक लिन यांना वाटत होतं, आपण सुपर बोलपासून, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापासून, फक्त एका माणसाच्या अंतरावर आहोत.

सौदा ठरला. व्हायकिंग्जनी पाच खेळाडू दिले आणि त्यांच्याबरोबर काही पिक. खरी ग्यानबाची मेख होती एका अटीत: त्या पाचांपैकी ज्याला काउबॉइज 1 फेब्रुवारी 1990 च्या आधी सोडून देतील, त्याच्या बदल्यात त्यांना आधीच ठरलेला पिक मिळेल. लिन यांचा होरा असा की इतके चांगले खेळाडू कोण सोडतंय? डॅलसच्या वार्ताहरांनाही तसंच वाटलं. वॉकरच्या बदल्यात चार-पाच दुय्यम माणसं घेतली म्हणून त्यांनी जॉन्सनची टर उडवली. जॉन्सन मात्र सांगत सुटला होता की ही इतिहासातली मोठ्यात मोठी ट्रेन-लूट आहे. त्याला माणसं नकोच होती. सगळ्यांना सोडायची धमकी हातात ठेवून त्याने पुन्हा वाटाघाटी केल्या आणि शेवटी तिघांना ठेवून घेत महत्त्वाचे पिकही पदरात पाडले.

आता पहिल्या दिवसाचा निकाल पाहा. 15 ऑक्टोबरला ग्रीन बेविरुद्ध वॉकर व्हायकिंग्जकडून पहिल्यांदा उतरला. तीनच दिवस झाले होते संघात येऊन. प्रतिस्पर्ध्यांनी मारलेली सुरुवातीची किक (किकऑफ) पकडून त्याने चेंडू 51 यार्ड परत आणला. मग एका धावेत त्याचा एक बूट पायातून निघून गेला, तरी गडी थांबला नाही. 47 यार्ड पळाला. एकूण 148 यार्ड. त्या रात्री मिनेसोटात कुणाला विचारलं असतं की ट्रेड कोण जिंकलं, तर उत्तर देणाऱ्याने तुमच्याकडे कीव करून पाहिलं असतं.

त्यानंतर वॉकरने मिनेसोटाच्या एकाही हंगामात 1000 यार्ड गाठले नाहीत. 1990 मध्ये व्हायकिंग्ज 6-10 (6 विजय, 10 पराभव) वर घसरले. इथे या खेळाचा सगळ्यात क्रूर नियम कळतो: तुम्ही जितके हरता, तितका तुम्ही देऊन टाकलेला पिक महाग होत जातो. म्हणजे घेणाऱ्याची चूक दोनदा मोजली जाते, एकदा त्याच्या खात्यात आणि एकदा विकणाऱ्याच्या. काउबॉइजनी त्या पिकांवर आणि त्यांच्या पुढच्या अदलाबदलींवर एमिट स्मिथ, रसेल मेरीलँड, केविन स्मिथ, डॅरेन वुडसन अशी माणसं उभी केली. एमिट स्मिथ धावून काढलेल्या 18,355 यार्डांसह लीगचा सर्वकालीन विक्रमवीर झाला. 1992, 1993 आणि 1995 असे तीन हंगाम काउबॉइजनी सुपर बोल जिंकला. वुडसनची निवड 1992 ची. म्हणजे ट्रेड झाला त्यानंतर अडीच वर्षांनी त्याचं फळ हाती आलं.

या सौद्याने एक कागदही जन्माला घातला. इतके पिक हातात आल्यावर ते कुठे, कशाच्या बदल्यात खर्चायचे? जोन्सचा तेलधंद्यातला भागीदार माइक मॅकॉय हा अभियंता. त्याने आधीच्या काही वर्षांतले ड्राफ्टमधले सौदे तपासून प्रत्येक पिकाला गुण दिले. पहिला पिक 3000, दुसरा 2600, सोळावा 1000, बत्तिसावा 590. जॉन्सनच्या हाताखालची माणसं पुढे दुसऱ्या संघांत गेली आणि हा तक्ता त्यांच्याबरोबर लीगभर पसरला. आजही एखादा ट्रेड झाला की काही मिनिटांत कुणीतरी बेरीज मांडून सांगतं, अमुक संघाला इतके गुण जास्त मिळाले. माझ्या मते इथेच घोळ सुरू होतो. हा तक्ता सांगतो की लोक पिकासाठी काय मोजत आले. पिक काय देतो हे तो सांगतच नाही. बाजारभाव आणि पोषणमूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे पुढे आकड्यांनिशी मांडलं केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी. (थेलरना पुढे 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: संघ वरच्या पिकांची किंमत फार जास्त लावतात. मैदानावरच्या एखाद्या जागेसाठी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी नंतर निवडलेल्या पुढच्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता जेमतेम 52 टक्के निघाली. नाणेफेकीपेक्षा किंचित बरी, इतकंच. शिवाय वरच्या पिकाला तेव्हा पगारही अफाट असे. 2010 मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी 7 कोटी 80 लाख डॉलरचा करार मिळाला. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि त्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण 2 कोटी 20 लाख. एका वर्षात पिकाचा अर्थच बदलला. मॅकॉयच्या तक्त्यातले आकडे मात्र होते तिथेच राहिले.

पैशाचा मुद्दा आला तो 1994 पासून. त्या वर्षी सॅलरी कॅप लागू झाली: प्रत्येक संघाने पगारावर जास्तीत जास्त 3 कोटी 46 लाख डॉलर खर्चायचे. 2025 मध्ये ही मर्यादा 27 कोटी 92 लाख होती. तेव्हापासून ट्रेडमध्ये माणूस घेणं म्हणजे त्याला पगार द्यायची जबाबदारी घेणंही आलं. डेन्व्हर ब्रॉन्कोजनी 2022 मध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्सकडून क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) रसेल विल्सन घेतला, तेव्हा त्यांनी पहिल्या फेरीचे दोन, दुसऱ्या फेरीचे दोन आणि पाचव्या फेरीचा एक असे पिक आणि वर तीन खेळाडू दिले. बहुतेकांनी डेन्व्हरला शाबासकी दिली. चॅम्पियन क्वार्टरबॅक मिळत असेल तर आणखी काय हवं? हंगामाचा पहिलाच सामना, 12 सप्टेंबरला, विल्सनच्या जुन्या मैदानावर, हुर्रेवडीच्या कल्लोळात झाला. डेन्व्हर 17-16 ने मागे, शेवटचा मिनिट, चेंडू आपल्याकडे राखायला पाच यार्ड हवे होते. प्रशिक्षकाने ज्याच्यासाठी एवढं मोजलं त्या माणसाच्या हातात चेंडू देण्याऐवजी 64 यार्डांवरून किक मारायला लावली. ती चुकली.

तो हंगाम डेन्व्हरने 5-12 असा संपवला, त्यामुळे त्यांचा पुढचा पहिला पिक पाचव्या क्रमांकाचा झाला आणि सिअ‍ॅटलने त्यावर डेव्हन विदरस्पून घेतला. मार्च 2024 मध्ये ब्रॉन्कोजनी विल्सनला सोडलं, तेव्हा न खेळणाऱ्या माणसाच्या नावावर साडेआठ कोटी डॉलर त्यांच्या कॅपवर चढले. लीगमध्ये तोवर असं ओझं कुणावरच आलं नव्हतं.

पण प्रत्येक ट्रेडमध्ये एक जिंकलाच पाहिजे आणि दुसरा बुडालाच पाहिजे, असं कुठे आहे? 2021 मध्ये रॅम्सनी मॅथ्यू स्टॅफर्डसाठी डेट्रॉइट लायन्सना पहिल्या फेरीचे दोन पिक, तिसऱ्या फेरीचा एक आणि आपला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ दिला. गॉफकडे तेव्हा सगळे पगाराचं ओझं म्हणूनच बघत होते. हे ओझं उचलावं म्हणून तर एक पिक जास्त दिला, असं बोललं गेलं. रॅम्सनी त्याच हंगामात सुपर बोल जिंकला. मग जानेवारी 2024 मध्ये दोघे प्लेऑफमध्ये आमनेसामने आले आणि गॉफच्या लायन्सनी स्टॅफर्डच्या रॅम्सना 24-23 ने हरवलं. 32 वर्षांतला लायन्सचा तो पहिला प्लेऑफ विजय. त्या पिकांच्या पुढच्या उलाढालीतून जेमिसन विल्यम्स, जाहमीर गिब्ज आणि सॅम लापोर्टा हेही डेट्रॉइटला मिळाले होते. कुणाला नापास करणार?

ऑगस्ट 2025 मध्ये जेरी जोन्सने मायका पार्सन्स हा आपला हुकमी बचावपटू ग्रीन बे पॅकर्सना विकला. बदल्यात पहिल्या फेरीचे दोन पिक आणि केनी क्लार्क. पॅकर्सनी पार्सन्सला चार वर्षांचे 18 कोटी 80 लाख डॉलर दिले. साहजिकच जो तो वॉकरचा दाखला देऊ लागला. एका महिन्यात दोन्ही संघ समोरासमोर आले, तर सामना 40-40 असा बरोबरीत सुटला. नोव्हेंबरात जोन्सने 2027 चा पहिल्या फेरीचा एक पिक क्विनन विल्यम्ससाठी जेट्सकडे पाठवून दिला, म्हणजे हिशेबाची वही आता तिसऱ्याच घरी गेली. डिसेंबरात डेन्व्हरमध्ये पार्सन्सच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. ऑगस्टमध्ये दिलेल्या गुणांना याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

निर्विवाद जिंकलेल्या ट्रेडचंही एक उदाहरण आहे. 2012 मध्ये वॉशिंग्टनने रॉबर्ट ग्रिफिनला निवडण्यासाठी रॅम्सचा दुसऱ्या क्रमांकाचा पिक घेतला आणि त्यासाठी पहिल्या फेरीचे तीन व दुसऱ्या फेरीचा एक पिक मोजला. ग्रिफिन पहिल्या वर्षी चमकला, गुडघा गमावून बसला आणि पुन्हा तसा कधी खेळला नाही. 7 डिसेंबर 2014 ला रॅम्स वॉशिंग्टनच्या मैदानावर आले. नाणेफेकीसाठी एरवी दोन-तीन कर्णधार पुढे जातात. त्या दिवशी रॅम्सचे सहा जण मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेले: ब्रॉकर्स, जेनकिन्स, ओगलट्री, बेली, स्टेसी, रॉबिन्सन. सहाही जण त्या ट्रेडमधून आलेले. त्यांना तिथे का पाठवलं, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. रॅम्सनी सामना 24-0 ने घेतला. तो हंगाम त्यांनी 6 विजय आणि 10 पराभवांवर संपवला, आणि प्लेऑफ गाठायला त्यांना 2017 उजाडलं. तोवर त्या सहांपैकी ब्रॉकर्स आणि ओगलट्री एवढे दोघेच संघात उरले होते.