सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ : गणेशखिंड आवार

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे मुख्य आवार पुणे शहराच्या वायव्येस गणेशखिंड भागात असून ते सुमारे ४११ एकर जागेवर पसरलेले आहे. विद्यापीठाची प्रशासकीय कार्यालये, बहुतेक पदव्युत्तर विभाग, जयकर ग्रंथालय, वसतिगृहे आणि राष्ट्रीय पातळीवरच्या काही स्वतंत्र संशोधनसंस्था या आवारात आहेत. औंध, बाणेर आणि पाषाणकडे जाणारे रस्ते मुख्य फाटकासमोरच्या चौकात शिवाजीनगरहून येणाऱ्या गणेशखिंड रस्त्याला मिळतात. या चौकाला आचार्य आनंदऋषीजी यांचे नाव दिलेले असले, तरी पुणेकरांच्या बोलण्यात तो ‘विद्यापीठ चौक’च राहिला आहे.

पुणे विद्यापीठ हे मुख्यतः संलग्न महाविद्यालयांचे विद्यापीठ आहे. पदवीपर्यंत शिकणारा विद्यार्थी पुणे, नाशिक किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील आपापल्या महाविद्यालयात शिकतो, आणि त्याच्या लेखी विद्यापीठ म्हणजे गुणपत्रिकेवरची मोहोर असते. स्थलांतर प्रमाणपत्र किंवा गुणपत्रिकेची दुसरी प्रत मिळवण्यासाठी एखादी खेप पडली, तर तेवढ्यापुरते त्याला हे आवार दिसते. आवारात प्रत्यक्ष राहून शिकतो तो पदव्युत्तर वर्गांचा आणि पीएच.डी.चा विद्यार्थी. त्यामुळे विद्यापीठाचा पसारा लाखांच्या घरात असूनही आवारातील वर्दळ त्या मानाने पुष्कळच कमी आहे, आणि येथील सुप्रसिद्ध शांततेचे श्रेय झाडीइतकेच या रचनेलाही द्यावे लागते.

जागेचा इतिहास विद्यापीठाहून बराच जुना आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांचे सैन्य बापू गोखले यांच्या नेतृत्वाखाली गणेशखिंडीच्या बाजूने खडकीकडे सरकले आणि तेथे इंग्रजांशी लढाई झाली. मराठ्यांचे घोडदळ संख्येने मोठे होते, पण इंग्रजांच्या फळीपुढे असलेल्या दलदलीत घोडे अडकले, हल्ल्याचा जोर मोडला आणि दिवस इंग्रजांच्या बाजूने गेला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. खडकीची लढाई शाळेच्या पुस्तकात शिकलेल्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते की तिचा टापू विद्यापीठाच्या कुंपणाला भिडलेला आहे.

पुढे मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम पुण्यात पडू लागला. आधी त्यांचा बंगला दापोडीला होता. १८६२ मध्ये गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रिअर यांना तो अपुरा वाटला आणि गणेशखिंडीत नवे गव्हर्नमेंट हाउस उभारण्याचा त्यांनी घाट घातला. जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाने इमारतीचा आराखडा केला. १८६४ मध्ये सुरू झालेले बांधकाम १८७१ मध्ये पुरे झाले. तो काळ मुंबईच्या कापूसतेजीचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, येथील कापसाला सोन्याचा भाव आला आणि सरकारचा हातही सैल सुटला. युद्ध संपताच तेजी कोसळली, बँका बुडाल्या, मात्र इमारतीचे काम थांबले नाही. खर्च दीड लाख पौंडांच्या वर गेला आणि या उधळपट्टीबद्दल फ्रिअर यांच्यावर विलायतेतही टीका झाली.

ही इमारत म्हणजे आजची विद्यापीठाची मुख्य इमारत. स्थानिक काळ्या दगडाची ही लांबलचक वास्तू इटालियन धाटणीची असून तिचा उंच मनोरा ही तिची खरी ओळख आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या बेटावर व्हिक्टोरिया राणीचा ऑस्बर्न हाउस नावाचा प्रासाद आहे, त्याच्याशी हिचे साम्य नेहमी दाखवले जाते. कमानींच्या ओवऱ्या, नृत्य आणि दरबारासाठी बांधलेली मोठी दालने, समोरची हिरवळ हे सारे अर्थातच शिक्षणासाठी योजलेले नव्हते. इमारतीखालून जाणारे एक भुयार आहे. त्याविषयी विद्यार्थ्यांमध्ये नाना दंतकथा प्रचलित आहेत. पण नोकरचाकरांनी पाहुण्यांच्या नजरेस न पडता स्वयंपाकघराकडून ये-जा करावी एवढाच त्याचा उपयोग सांगितला जातो, आणि साम्राज्याच्या घरगुती शिस्तीशी तो जुळणाराही आहे. समारंभांसाठी वापरले जाणारे मोठे दालन आज संत ज्ञानेश्वर सभागृह म्हणून ओळखले जाते.

२२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी याच इमारतीत झाली. पुण्यात त्या वेळी प्लेगने आणि प्लेगच्या बंदोबस्ताने लोक हैराण झाले होते. मेजवानीहून परतताना प्लेग अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर दामोदर आणि बाळकृष्ण या चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, तर रँड ३ जुलैला मरण पावला. त्याच वर्षी, त्याच साथीत, १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांचे रुग्णांची शुश्रूषा करताना प्लेगची लागण होऊन निधन झाले होते. गव्हर्नरांच्या या वाड्यावर पुढे कधी त्यांचे नाव लागेल, अशी कल्पना त्या वर्षी कोणी केली नसती.

पुण्याला स्वतंत्र विद्यापीठ असावे ही मागणी विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात सतत होत होती. तोवर पुण्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या अधिनियमाने विद्यापीठाला कायद्याचा आधार मिळाला आणि १९४९ मध्ये ते सुरू झाले. १० फेब्रुवारी हा त्याचा वर्धापनदिन आहे. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. गव्हर्नरांची ही प्रशस्त मिळकत विद्यापीठाला मिळाली, यात त्या वेळचे मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांचा वाटा मोठा होता. नवजात संस्थेला शहराच्या इतक्या जवळ एवढी सलग जागा मिळाल्याचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल, आणि पुढच्या अर्धशतकात विद्यापीठाला जे जे साधले त्याचे बरेच मूळ या एका निर्णयात आहे. राज्यपालांचे पुण्यातील निवासस्थान मात्र याच परिसरात राहिले. राजभवन आजही आवाराला लागूनच आहे.

जयकरांनंतर रँग्लर र. पु. परांजपे, पुढे दत्तो वामन पोतदार, काकासाहेब गाडगीळ, धनंजयराव गाडगीळ अशी माणसे कुलगुरूपदावर आली. आरंभी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र खानदेशापासून कोल्हापूरपर्यंत पसरलेले होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आणि १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते आजच्या तीन जिल्ह्यांपुरते उरले. महात्मा फुले यांच्यासह १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या सावित्रीबाईंचे नाव विद्यापीठाला २०१४ मध्ये देण्यात आले, आणि मुख्य इमारतीच्या आवारात त्यांचा पुतळा २०२२ मध्ये उभा राहिला. विद्यापीठाचे बोधवाक्य ‘यः क्रियावान् स पण्डितः’ असे आहे. नुसते जाणणारा नव्हे, तर आचरणात आणणारा तो पंडित, असा त्याचा अर्थ.

शैक्षणिक विभागांच्या इमारती एका ठरावीक आखणीने उभ्या राहिलेल्या नाहीत. जसजसा निधी आला तसतशा त्या झाडीत विखुरल्या, त्यामुळे एका विभागातून दुसऱ्या विभागात जायचे तर पायपीट अटळ असते. संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र १९६४ मध्ये सुरू झाले आणि रा. ना. दांडेकर त्याचे पहिले संचालक होते. रसायनशास्त्र विभागाची उभारणी अणुरसायनाचे अभ्यासक ह. जी. अर्णीकर यांनी केली. तत्त्वज्ञान विभागाने सुरेंद्र बारलिंगे यांच्या काळात ‘परामर्श’ हे नियतकालिक चालवून तत्त्वचर्चा मराठीत आणली. सतीश आळेकर यांच्या संचालकपदाच्या काळात ललित कला केंद्रातून रंगभूमीवरच्या कलावंतांची एक पिढी तयार झाली, आणि स्त्री-अभ्यास केंद्रातील शर्मिला रेगे यांच्या लेखन-अध्यापनाने जात आणि लिंगभाव यांच्या एकत्रित अभ्यासाला दिशा दिली. वृत्तपत्रविद्या आणि परकीय भाषा हे विभाग मात्र गणेशखिंडीत नसून फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वाढले.

आवाराला जगभर ओळख मिळवून दिली ती विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांपेक्षा त्याने जागा देऊन आत घेतलेल्या संस्थांनी, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. त्यांत अग्रभागी आहे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच ‘आयुका’. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये स्थापन केलेल्या या केंद्राचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर होते. देशातील कोणत्याही विद्यापीठातील संशोधकाला येथे येऊन काम करता यावे हा त्याचा हेतू आहे. चार्ल्स कोरिया यांनी योजलेल्या त्याच्या वास्तूत विश्वरचनेची रूपके दगडात आणि अंगणात उतरवलेली आहेत; मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबकही आहे. न्यूटनच्या बागेतील सफरचंदाच्या झाडाची कलमेही येथे लावली गेली, पण पुण्याच्या हवेत ती तग धरून राहिली नाहीत. शाळकरी मुलांसाठीची ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. तिच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’ आहे: सप्तर्षींपैकी एक तारा, आणि त्यातच दडलेले पु. ल. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आयुकाच्या फाटकाशी मुलांची आणि पालकांची रीघ लागते.

आयुकाच्या शेजारीच टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने नारायणगावजवळ खोडद येथे उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या जाळ्याचे काम या केंद्राकडून चालते. तिसरी संस्था म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र, ‘सी-डॅक’. अमेरिकेने महासंगणक देण्यात आडकाठी केल्यावर १९८८ मध्ये ती स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. संगणकावर भारतीय लिप्या उमटवण्याच्या तंत्रावरही तिने मोठे काम केले, तेव्हा संगणकावर मराठी टंकणाऱ्या प्रत्येकाचा या आवाराशी दूरचा का होईना, संबंध पोहोचतो. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रही येथेच आहे.

आवारातील दैनंदिन जीवनाचा कणा म्हणजे जयकर ग्रंथालय. स्पर्धापरीक्षांच्या तयारीसाठी गावाकडून आलेली मुले आणि शोधप्रबंध लिहिणारे संशोधक त्याच्या अभ्यासिकेत जागेसाठी सकाळीच हजर होतात. जेवणासाठी रिफेक्टरी, चहा-नाश्त्यासाठी अनिकेत कँटीन, आणि तास नसेल तेव्हा बसायला मुख्य इमारतीमागील अॅलिस गार्डन, हा येथील पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे. ‘कमवा आणि शिका’ योजनेत विद्यार्थी दिवसातले काही तास कार्यालयांत, ग्रंथालयात किंवा बागकामात काम करून शिक्षणाचा खर्च भागवतात. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातील कोरडवाहू भागांतून आलेल्या अनेकांना या योजनेने आणि वसतिगृहाच्या खोलीने पुण्यात टिकवून धरले. वसतिगृहात अधिकृत रहिवाशाच्या खोलीत मित्राने पाहुणा म्हणून मुक्काम ठोकणे ही प्रथा नियमबाह्य असली, तरी तिची मुळे घट्ट आहेत.

वड, पिंपळ आणि गुलमोहरांची दाट झाडी पहाटे फिरायला येणाऱ्या नागरिकांना आवारात ओढून आणते. औंध आणि बाणेर या बाजूंना शहर वाढत गेले तसतसे हे आवार त्यांच्यासाठी फुप्फुसच बनले. त्याच वाढीचा ताण फाटकाबाहेर जाणवतो. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाकडे जाणारी वाहतूक विद्यापीठ चौकातून जाते. ती सुटावी म्हणून बांधलेला उड्डाणपूल पंधरा वर्षेही टिकला नाही. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रो मार्ग आणि त्यासोबतचा दुमजली पूल यांच्यासाठी जागा करण्याकरिता तो २०२० मध्ये पाडण्यात आला, आणि त्यानंतरची अनेक वर्षे विद्यापीठात वेळेवर पोहोचण्यासाठी विद्यार्थ्यांना घरून अर्धा तास आधी निघावे लागले.