बेस गिटारचा स्पीकर बॉक्स: सीमाभागातली बांधणी, बदल आणि जपणूक

बेस गिटारचा आवाज अँप्लिफायर म्हणजे अँपमधून ज्या लाकडी पेटीत जातो आणि तिथून बाहेर पडतो तिला बेस कॅबिनेट म्हणतात, बोलताना नुसतं कॅब, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सरळ 'बॉक्स'. आत १०, १२ नाहीतर १५ इंची एक किंवा जास्त स्पीकर, पुढे जाळी, मागे वायर लावायची प्लेट. मिरवणुकीत ट्रॉलीवर लावतात ते डॉल्बीचे बेस म्हणजे हा बॉक्स नव्हे, ते रेकॉर्ड केलेल्या गाण्याचा फक्त खालचा भाग वाजवतात, तर हा एकाच वाद्याचा पूर्ण आवाज देतो, बोट तारेवर घासल्याचा बारीक आवाज धरून. बेळगाव कॅम्पातल्या चर्चमध्ये, ऑर्केस्ट्रात, इंजिनीअरिंग आणि मेडिकलच्या पोरांच्या बँडमध्ये, चोर्ला घाट उतरून गोव्यात लग्नं वाजवायला जाणाऱ्यांकडे हे बॉक्स असतात, बहुतेक सेकंडहँड घेतलेले किंवा सुताराकडून बनवून घेतलेले. म्हणूनच इथे बॉक्स 'कस्टम' करणं आणि बॉक्स वाचवणं ही दोन कामं वेगळी करताच येत नाहीत.

थोडा इतिहास

फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस गिटार १९५१ साली बाजारात आला आणि त्याच्यासाठी बासमन अँप १९५२ मध्ये, त्यात एकच १५ इंची स्पीकर होता. मोठ्या स्टेजवर तो पुरेना. १९६९ मध्ये अँपेग कंपनीने ३०० वॉटचा एसव्हीटी अँप काढला आणि त्याच्याबरोबर १० इंची आठ स्पीकरांचा उभा बॉक्स, ज्याला जगभर 'फ्रीज' म्हणतात. त्याचं पुढचं ८१०ई मॉडेल साधारण ६३ किलो भरतं, जिन्यावरून वर न्यायला चार माणसं लागतात. आता निओडिमियम मॅग्नेटमुळे स्पीकर बरेच हलके झालेत, पण आपल्याकडे जुने फेराइट मॅग्नेटवालेच जास्त फिरतात आणि ते रिपेअरही सहज होतात.

हवा हाच खरा पार्ट

चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड ई तार मोकळी वाजवली की ४१.२ हर्ट्झ, पाच तारांवर खालची बी ३०.९ हर्ट्झ. ४१ हर्ट्झची एक लाट हवेत आठ मीटरच्या वर लांब असते, आणि ती एवढ्याशा पेटीतून काढायची म्हणजे पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वापरावी लागते. कुठल्या स्पीकरला किती हवा लागते याचं गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ते पूर्ण केलं, आणि आजही चांगल्या स्पीकरच्या कागदावर जे आकडे येतात त्यांना थील-स्मॉल पॅरामीटरच म्हणतात. ते आकडे न बघता खोका बनवू नये, एवढं तरी पाळाच.

बॉक्स दोन तऱ्हेचे. एक पूर्ण बंद, दुसरा पाइप किंवा खाचेवाला, त्याला पोर्टेड म्हणतात. बंद बॉक्सचा आवाज खाली जाताना हळू कमी होतो, अष्टकामागे (म्हणजे हर्ट्झ निम्मे होताना) १२ डेसिबल, पोर्टेडचा २४. वरचा अँपेगचा फ्रीज बंद प्रकारातला आहे आणि कंपनीच्याच आकड्याप्रमाणे ५८ हर्ट्झला तो ३ डेसिबल पडलेला असतो, म्हणजे मोकळ्या ई तारेचा मूळ सूर तो पूर्ण देतच नाही, तरी पन्नासहून जास्त वर्षं लोक त्याच्यावर जीव टाकतात, कारण बेसचं वजन आपल्याला बरंचसं वरच्या सुरांतून जाणवतं. हे कळलं की "अजून खाली जायला पाहिजे" हा हट्ट कमी होतो.

पोर्टेड बॉक्सात बदल करताना सगळ्यात जास्त घोटाळा पाइपचा होतो. उदाहरण घ्या: आतून ५५ बाय ४० बाय ३५ सेंटिमीटर, म्हणजे ७७ लिटरचा खोका, त्याला आतून १० सेंटिमीटर रुंद आणि साधारण ७-८ सेंटिमीटर लांब असा एक प्लंबिंगचा पाइप लावला तर ट्यूनिंग, म्हणजे ज्या सुराला पाइपमधली हवा सगळ्यात जोरात हलते तो आकडा, ४५ हर्ट्झच्या आसपास बसतं. कुणी म्हणतं हवा जास्त यायला पाहिजे आणि तसलाच दुसरा पाइप बाजूला बसवतो, झालं, ट्यूनिंग सरळ ६४ वर गेलं. आता ई तार वाजली की कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या कागदी पडद्याच्या, मागे अडवायला हवाच नाही, कोन मोकाट पुढेमागे धावतो आणि एक दिवस त्याच्यामागची तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, मॅग्नेटला घासायला लागते. दोन पाइप पाहिजेतच तर दोन्ही लांब करावे लागतात. उलट बाजूने, आतून लाकडाचे जाडजूड सपोर्ट भरमसाट मारले तर लिटर कमी होतात आणि ट्यूनिंग पुन्हा वर सरकतं. सपोर्ट पाहिजेतच, मोठ्या फळ्यांना मधून एक आडवी लिस्टी नसेल तर फळी स्वतःच वाजते, पण मारायच्या आधी हिशेब करून.

हवा गळते का हे बघायची सोपी रीत म्हणजे उदबत्ती. खोलीतला पंखा बंद करायचा, मोबाइलवरून ५० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात सोडायचा आणि पेटलेली उदबत्ती सांध्यांवरून, हँडलच्या स्क्रूवरून, मागच्या प्लेटच्या कडेने हळूहळू फिरवायची. धूर सरळ वर जात असतो, गळती आली की तिथे धूर थरथरतो, तुटक तुटक होतो. दहापैकी आठ वेळा गळती प्लेटमागे सापडते, निदान मला तरी. बंद बॉक्स असेल तर दोन्ही तळव्यांनी कोन सगळीकडून सारखा, अगदी हलका दाबून सोडा, सावकाश परत आला तर खोका हवाबंद आहे, पटकन आला तर नाही. सांधे भरायला आंबट वास येणारं सिलिकॉन वापरलं तर तो वास पूर्ण जाईपर्यंत स्पीकर बसवू नका, त्या वाफेने धातू गंजतो.

पाऊस

सीमाभाग म्हणजे एक हवामान नाही. जांबोटी, कणकुंबीकडे जूनपासून झड लागते ती थांबतच नाही, अथणीकडे तेवढ्यात कोरडी धूळ उडते, कारवारला खारा वारा, बिदर-भालकीला उन्हाचा तडाखा. कारवारचा बॉक्स जाळीपासून गंजत येतो, तिथे पावडर कोटिंगची जाळी आणि स्टेनलेसचे स्क्रू घ्यावेत. पण बेळगाव-खानापूर पट्ट्यात बॉक्स मरतो तो खालच्या कडेपासून.

माझा स्वतःचा १५ इंचीचा बॉक्स खानापूरकडच्या एका हॉलबाहेर एक रात्र पत्र्याच्या वळचणीखाली राहिला. वरून एक थेंब नाही, ताडपत्री घातलेली, फक्त पागोळीचं पाणी फरशीवर पडून उडत होतं. सकाळी उचलला तर रेग्झिन जसंच्या तसं, चकाचक. चार दिवसांनी खालचा कोपरा बोटाला मऊ लागायला लागला, रेग्झिन सोलून बघितलं तर प्लायचे पापुद्रे सुटलेले, कॅलिपर लावला तर १८ मिलिमीटरचा प्लाय २२ झालेला. ज्याने बॉक्स बनवला त्याने कापलेल्या कडा तशाच कोरड्या ठेवून वरून रेग्झिन ओढलं होतं. प्लाय पाणी पितो तो कडेने, तोंडावरून नाही.

म्हणून नवा बॉक्स करताना किंवा जुना सोलताना पहिलं काम हे: प्रत्येक कापलेली कड, स्पीकरच्या गोल भोकाची कड, हँडलच्या खाचेची कड, स्क्रूची भोकं, सगळीकडे पातळ एपॉक्सी किंवा चांगला वूड सीलर दोन हात. प्लाय घेताना त्यावर छापलेला नंबर बघा, आयएस ७१० म्हणजे मरीन, आयएस ३०३ मध्ये साधा आणि पाण्याला थोडा टिकणारा असे दोन्ही येतात, तेव्हा दुकानदाराला नीट विचारून घ्या. एमडीएफ वजनाला जड आणि पाण्याला कच्चं, घरात टीव्हीखाली ठेवायच्या स्पीकरला ठीक, टेम्पोत फिरणाऱ्या बॉक्सला नको.

वरच्या आवरणात तीन पर्याय चालतात. रेग्झिन स्वस्त, सगळीकडे मिळतं, फाटलं तर गाडीची सीट शिवणाराही लावून देतो. ते चिकटवताना फेव्हिकॉल एसआर दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकट पण ओला न लागेपर्यंत थांबून मग दाबायचं, आणि हे काम दसरा ते होळीच्या मधे करायचं, भर पावसाळ्यात सॉल्व्हंट उडताना हवेतली ओल त्या थरावर बसते आणि महिनाभरात कोपरे उलटतात. दुसरं टेक्स्चर पेंट, स्पंजच्या रोलरने तीन हात, ओरखडा पडला तर तेवढाच डाग परत मारता येतो, माझ्या मते आपल्या भागाला हेच सगळ्यात बरं. तिसरा गालिचा, म्हणजे करड्या रंगाचं फेल्टसारखं कापड, दिसतं छान, दणके सोसतं, पण एकदा भिजलं की आठ दिवस वाळत नाही आणि आतून बुरा धरतं. धनगरी घोंगडं वरून टाकायची जुन्यांची पद्धत आहे, प्रवासात दणक्याला आणि शिंतोड्याला ते उत्तमच, फक्त ओलं घोंगडं रात्रभर बॉक्सवर ठेवू नये. जुने फ्लेक्स पाणी अडवतात पण आतली वाफही अडवतात.

दणके, उंदीर, लोखंडी कीस

कोपऱ्यांना पत्र्याच्या ट्रंकेला लावतात तसले कोपरे लावले की टेम्पोतली अर्धी मारामारी संपते. स्पीकर लाकडी स्क्रूने न बसवता मागून टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे नट) घालून बोल्टने बसवावा, आणि बोल्ट गाडीच्या चाकाचे आवळतात तसे समोरासमोरचे आवळावेत, एकाच बाजूने जोर लावला तर फ्रेम वाकते. जाळी भोकाच्या पत्र्याची, जिच्यात निम्म्याहून जास्त मोकळी जागा आहे अशी घ्या, आणि जाळीच्या मागे फोमची पट्टी लावा, नाहीतर ए तारेला ती किणकिणते आणि माणूस उगाच स्पीकर फाटला म्हणून घाबरतो. चाकं कायमची लावली तर घाटात बॉक्स टेम्पोत हिंडतो, त्यापेक्षा चाकांची वेगळी फळी बरी. कव्हर सीट शिवणाऱ्याकडून करून घ्या, बाहेर रेग्झिन, आत १० मिलिमीटर फोम, हँडलला चीर, खाली उघडं.

पोर्टेड बॉक्स गोदामात ठेवला की उंदीर पाइपमधून आत जातो, आत पॉलिस्टरचा कापूस मिळाला तर घरच करतो, कागदी कोन कुरतडतो. पाइपच्या आतल्या तोंडाला मोठ्या घराची, साधारण अर्ध्या इंचाची तारेची जाळी मारा. अगदी बारीक जाळी मारू नका, हवा फुसफुसते. लहान पिलू त्यातूनही शिरेल, म्हणून गोदामात असताना पुढून पाइपला कापडाचा बोळा घाला आणि वाजवायच्या आधी आठवणीने काढा. भिंतीला टेकवून, जमिनीवर ठेवू नका, खाली दोन रिपा आणि मागे हातभर जागा ठेवली तर वाळवी येताना दिसते तरी.

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप भरपूर, जाळी कापून, वाकवून, भोकं पाडून तिथे छान मिळते. पण स्पीकर बसवलेला बॉक्स घेऊन तिथे जाऊ नका. ग्राइंडरचा लोखंडी कीस मॅग्नेटकडे ओढला जातो, एक कण कॉइलच्या फटीत गेला की खरखर सुरू, आणि तो बाहेर काढता येत नाही, रिकोनच, म्हणजे कोन आणि कॉइल नवी बसवणं, करावं लागतं.

करंटची बाजू

८ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर ६ च्या आसपास दाखवतो, त्यात बिघाड काही नाही. ८ चे दोन पॅरलल जोडले की ४ होतात, अँपवर लिहिलेल्या कमीत कमी आकड्याखाली जाऊ नका. दोन स्पीकर असतील तर पेन्सिल सेलने ध्रुव तपासा: प्लसला प्लस, मायनसला मायनस क्षणभर टेकवलं की दोन्ही कोन बाहेर आले पाहिजेत. एक आत गेला तर दोघे एकमेकांचा बेस खातात. जुना पाव इंची जॅक काढून स्पीकॉन हा स्पीकरचा सॉकेट लावा, तो फिरवून लॉक होतो, अंधारात कुणाचा पाय अडकला तरी निसटत नाही. बॉक्सला गिटारची वायर कधीच नको, दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमची दोन तारांची वायर घ्या. काचेच्या ट्यूबवाला अँप बॉक्स न जोडता चालू केला तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

स्पीकरवर ३०० वॉट लिहिलं म्हणजे ३०० सगळीकडे चालतात असं नाही. तो आकडा कॉइल किती गरम होईल याचा. तेवढाच आवाज अष्टकभर खाली काढायचा तर कोनला चौपट हालावं लागतं, त्यामुळे खालच्या सुरांना बरेच स्पीकर लिहिलेल्या वॉटच्या निम्म्याच्या आतच हद्दीला पोचतात. पाच तारांवाल्यांनी तर ३० ते ४० हर्ट्झच्या मधला हाय-पास फिल्टर (त्या आकड्याखालचा आवाज अडवणारा) अँपच्या आधी लावावाच, जत्रेच्या स्टेजवर पोरं नाचतात तेव्हा फळ्यांचा जो धाडधाड आवाज तारांतून अँपमध्ये शिरतो तोही त्यातच अडतो. वाजवताना टक टक असा कोरडा आवाज आला की तो कॉइल मागे आपटल्याचा, त्याच क्षणी व्हॉल्यूम खाली घ्या, गाणं संपायची वाट बघू नका. बारीक आवाजासाठी वेगळा हॉर्न असलेल्या काही बॉक्समध्ये आत गाडीच्या दिव्यासारखा छोटा बल्ब दिसतो, तो हॉर्नचं रक्षण करतो, करंट वाढला की पेटतो आणि जादा करंट स्वतः खातो. "हा बल्ब कशाला" म्हणून काढून तिथे सरळ वायर मारलेले बॉक्स मी दोन बघितलेत, दोन्हीचे हॉर्न मेलेले होते.