लिंबॉ, रश

लिंबॉ, रश : (१२ जानेवारी १९५१ – १७ फेब्रुवारी २०२१). रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेला पुराणमतवादी अमेरिकन रेडिओ व दूरचित्रवाणी निवेदक. राजकीय टॉक रेडिओ हा आज अमेरिकेत जसा ऐकू येतो, त्याला तो आकार मुख्यतः लिंबॉने दिला. तीन दशकांहून अधिक काळ तो रोज दुपारी तीन तास बोलत असे, तेही बहुतेक वेळा पाहुण्याविना. चाहत्यांना तो आपल्या मनातले बोलणारा वाटे, तर विरोधकांच्या मते अमेरिकी राजकारणाची भाषा त्यानेच नासवली. दोन्ही बाजू एका गोष्टीवर मात्र सहमत होत्या : माणसाला माइक कळत होता.

मिझूरी राज्यातील केप जिरार्डो या मिसिसिपीकाठच्या गावी वकिलांच्या घराण्यात त्याचा जन्म झाला. आजोबा नामांकित वकील होते. गावातल्या संघीय न्यायालयाच्या इमारतीला त्यांचे नाव आहे आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्यांना कायद्यावर व्याख्याने देण्यासाठी भारतातही पाठवले होते. काका संघीय न्यायाधीश, वडील व धाकटा भाऊ वकील. अशा घरात थोरल्या मुलाने कॉलेज वर्षभरात सोडून गाणी वाजवायला रेडिओवर जावे, हे वडिलांच्या पचनी पडले नाही.

रेडिओची सुरुवात मात्र गावातच झाली होती. शाळेत असताना स्थानिक केंद्रावर तो ‘रस्टी शार्प’ या नावाने बोलत असे. १९७१ मध्ये तो पिट्सबर्गजवळच्या मॅकीस्पोर्टला गेला आणि ‘जेफ क्रिस्टी’ झाला. पुढची बारातेरा वर्षे म्हणजे नोकरी लागणे आणि जाणे यांची मालिकाच होती. मधल्या काळात तर रेडिओ सोडून १९७९ ते १९८३ पर्यंत त्याने कॅन्सस सिटी रॉयल्स या बेसबॉल संघाच्या कचेरीत तिकीटविक्री व जाहिरातीचे काम केले. या अपयशी वर्षांकडे चरित्रपर लेखनात सहसा धावती नजर टाकली जाते. पण पुढच्या यशाचे बीज तिथेच आहे. दोन गाण्यांमधल्या काही सेकंदांत श्रोत्याला धरून ठेवणे, तुकडा संगीतावर बरोबर संपवणे, नकला, खोट्या जाहिराती, विडंबनगीते ही सगळी डिस्क जॉकीची हत्यारे त्याने पुढे राजकारणावर चालवली.

१९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रमेंटोच्या केएफबीके केंद्रावर त्याला संधी मिळाली. तिथला आधीचा निवेदक मॉर्टन डाउनी ज्युनियर याला चिनी लोकांविषयीच्या विनोदावरून जावे लागले होते. वादामुळे रिकाम्या झालेल्या खुर्चीवर लिंबॉ बसला आणि वादावरच मोठा झाला.

त्याच्या उदयाला दोन गोष्टी कारणीभूत ठरल्या. पहिली कायद्याची. १९४९ पासून अमेरिकेत ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ हा नियम होता. सार्वजनिक वादाच्या विषयांना केंद्रांनी वेळ द्यावा आणि विरुद्ध मतेही ऐकवावीत, असे त्याचे स्वरूप होते. तो कायम करण्याचे विधेयक काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, संमत केले, पण राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगनने नकाराधिकार वापरला आणि ऑगस्ट १९८७ मध्ये संघीय दळणवळण आयोगाने हा नियम रद्द केला. (आपल्याकडे खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीचे बातमीपत्र तेवढे जसेच्या तसे ऐकवता येते. त्यामुळे रेडिओवरचा एक माणूस पक्षाला धाकात ठेवू शकतो, ही कल्पनाच मराठी श्रोत्याला परकी वाटेल.) दुसरी गोष्ट धंद्याची, आणि ती नेहमी मागे राहते. संगीत एफएमवर गेल्याने एएम, म्हणजे मध्यम लहरींवरची केंद्रे ओस पडू लागली होती. बोलण्याला उत्तम आवाजगुण लागत नाही. केंद्रांना दिवसाचे तास स्वस्तात भरून हवे होते. एबीसी रेडिओचा माजी प्रमुख एड मॅकलॉफलिन याने लिंबॉचा कार्यक्रम केंद्रांना रोख पैशांऐवजी जाहिरातीच्या काही मिनिटांच्या बदल्यात देऊ केला. १ ऑगस्ट १९८८ रोजी ५६ केंद्रांवर राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झाले. १९९०च्या दशकात ही संख्या ६००च्या वर गेली. काही उपाहारगृहांनी दुपारच्या जेवणाच्या वेळी कार्यक्रम ऐकण्यासाठी ‘रश रूम’ नावाची खास दालने काढली.

कार्यक्रमाचा साचा एकपात्री प्रयोगाचा होता. ‘एक्सलन्स इन ब्रॉडकास्टिंग’ असे भारदस्त नाव त्याने आपल्या जाळ्याला दिले होते. समोर सोनेरी माइक असे. आपली प्रतिभा ‘देवाकडून उसनी आणलेली’ आहे आणि विरोधकांना संधी मिळावी म्हणून आपण अर्धा मेंदू पाठीमागे बांधून ठेवतो, अशा फुशारक्या तो ठरलेल्या लयीत मारी. त्यातली थट्टा ज्यांना कळे ते हसत, न कळे ते चिडत. दोघेही रेडिओ चालूच ठेवत. फोन करणारे आधी पारखून घेतले जात. आधीच्या श्रोत्याची स्तुती पुन्हा उगाळण्याऐवजी नुसते ‘डिटो’ म्हणायची पद्धत पडली आणि चाहत्यांना ‘डिटोहेड’ हे नाव मिळाले. विरोधकांनी ते शिवी म्हणून वापरले, चाहत्यांनी बिरुद म्हणून मिरवले. स्त्रीवादी कार्यकर्त्यांसाठी त्याने रूढ केलेला ‘फेमिनाझी’ (फेमिनिस्ट व नाझी यांचा जोडशब्द) हा शब्द मात्र शिवीच राहिला.

दूरचित्रवाणीवर तो तितका जमला नाही. मार्च १९९० मध्ये पॅट सेजॅक या टीव्ही निवेदकाच्या कार्यक्रमात बदली निवेदक म्हणून बसला असता प्रेक्षकांतील निदर्शकांनी त्याला बोलू दिले नाही. शेवटचा भाग रिकाम्या खुर्च्यांसमोर करावा लागला. गाणी लावून एड्सने मरणाऱ्या समलिंगी पुरुषांची टर उडवणारे त्याच्या रेडिओवरचे तुकडे हे त्या रागाचे एक कारण होते. त्या तुकड्यांबद्दल त्याने पुढे खेद व्यक्त केला. १९९२ ते १९९६ या काळात त्याचा स्वतःचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम चालला. त्याचा निर्माता रॉजर एल्स होता. तोच १९९६ मध्ये फॉक्स न्यूज या वृत्तवाहिनीचा पहिला प्रमुख झाला. लिंबॉचा टीव्ही कार्यक्रम बंद पडला, पण त्याची शैली मात्र त्या वाहिनीवर इतरांच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकू येत राहिली.

राजकीय वजन १९९४ मध्ये सर्वाधिक दिसले. चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह रिपब्लिकन पक्षाकडे आले, तेव्हा नव्या सदस्यांनी त्याला आपल्या तुकडीचे मानद सदस्यत्व दिले. २००९च्या आरंभी बराक ओबामाबद्दल ‘तो अपयशी ठरावा अशी माझी इच्छा आहे’ असे तो म्हणाला. रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्रीय अध्यक्ष मायकेल स्टील याने लिंबॉला मनोरंजन करणारा म्हटले आणि लगेच माफीही मागितली. ‘मी मनोरंजनच करतो’ ही लिंबॉची स्वतःची ढाल होती. अडचणीत आल्यावर तो ती पुढे करी. दुसऱ्याने तेच म्हटले की मात्र अपमान ठरे.

वादांची यादी लांब आहे. २००३ मध्ये ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर, फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक (चढाईचा सूत्रधार खेळाडू) डॉनोव्हन मॅकनॅब याचे कौतुक प्रसारमाध्यमे त्याच्या वर्णामुळे करतात, अशा अर्थाचे बोलल्यावर काही दिवसांतच त्याला ते काम सोडावे लागले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याने वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन असल्याचे श्रोत्यांसमोर कबूल केले. अमली पदार्थांच्या गुन्हेगारांना कडक शिक्षेची मागणी करणाऱ्याच्या तोंडून ही कबुली आल्याने गदारोळ झाला. फ्लॉरिडातील खटला २००६ मध्ये उपचारांच्या अटीवर मिटला. २०१२ मध्ये मात्र घाव खिशावर बसला. गर्भनिरोधकांना विम्याचे संरक्षण मिळावे असे काँग्रेसच्या सदस्यांसमोर मांडणाऱ्या जॉर्जटाउन विद्यापीठातील कायद्याच्या विद्यार्थिनीला, सँड्रा फ्लूक हिला, त्याने बाजारू बाई अशा अर्थाचे शब्द वापरले. माफी मागूनही अनेक जाहिरातदार निघून गेले.

या सगळ्यात एक गोष्ट जवळजवळ विसरली जाते. २००१ मध्ये काही महिन्यांत त्याची श्रवणशक्ती जवळपास संपली. कॉक्लियर इंप्लांट (कानात शस्त्रक्रियेने बसवायचे श्रवणयंत्र) बसेपर्यंत तो फोनवरच्या श्रोत्यांचे बोलणे पडद्यावर टंकित झालेले वाचून उत्तरे देत होता. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसताना तीन तास रेडिओ करणे ही कारागिरी त्याच्या कट्टर टीकाकारालाही मान्य करावी लागेल. २००८ मध्ये झालेला त्याचा आठ वर्षांचा करार सुमारे ४० कोटी डॉलरचा असल्याचे सांगितले गेले.

वर्षानुवर्षे सिगार ओढणाऱ्या व धूम्रपानविरोधकांची खिल्ली उडवणाऱ्या लिंबॉने ३ फेब्रुवारी २०२० रोजी फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी काँग्रेससमोरील भाषणात राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रंपने त्याला ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हे सर्वोच्च नागरी सन्मानाचे पदक दिले. भर सभागृहात मेलानिया ट्रंपने ते त्याच्या गळ्यात घातले. त्याच महिन्यात त्याने कोरोना विषाणूला साधी सर्दी म्हटले. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी फ्लॉरिडातील पाम बीच येथे त्याचे निधन झाले. ही बातमी श्रोत्यांना त्याच्या चौथ्या पत्नीने, कॅथरिनने, त्याच्याच कार्यक्रमात दिली. काही महिने जुनी ध्वनिमुद्रणे वाजत राहिली. जून २०२१ मध्ये त्या वेळेत क्ले ट्रॅव्हिस व बक सेक्स्टन असे दोन निवेदक आले.

मिझूरीच्या विधानभवनात राज्यातील नामवंतांचे अर्धपुतळे आहेत. त्यांत लिंबॉचाही आहे. फ्लूक प्रकरण ताजे असताना, मे २०१२ मध्ये, बंद दाराआड निवडक निमंत्रितांसमोर त्याचे अनावरण झाले आणि पुतळ्यावर नजर ठेवायला एक सुरक्षा कॅमेरा बसवण्यात आला.