१२ बाइटची चिठ्ठी, ४० बाइटचा लिफाफा

शेजारचे काकाजी परवा संध्याकाळी एक जुना फ्लिप फोन घेऊन आले. भाच्याने अमेरिकेतून आणलेला. रबराची जाड कड, आणि डाव्या बाजूला अंगठ्याखाली येईल असं मोठं बटण. "मास्तर, हे बटन दाबून बोललं का बिना टावरचं, बिना रिचार्जचं डायरेक बोलता येते मनतात. असे पाच आनले तं जागलीचं काम होते."

जागल म्हणजे काय ते पांढरकवड्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. तूर भरायला लागली की रात्री रानडुकरं आणि रोही (नीलगायी) वावरात उतरतात. पाच वावरांत पाच मचाणं, हातात बॅटरी आणि टिनाचा डबा. एकाला डुकरं दिसली की बाकी चौघांना तेव्हाच्या तेव्हा कळायला हवं. एकेकाला फोन लावत बसलं तर तोवर तुरीच्या दोन ओळी आडव्या होतात.

काकाजींची कल्पना झकास, पण ऐकीव माहिती चुकीची. वॉकीटॉकी एका संचातून थेट दुसऱ्या संचात बोलतो. बटणाच्या फोनचा आवाज मात्र टॉवरवरूनच जातो. हा फोन मोटोरोलाच्या 'आयडेन' पद्धतीचा. अमेरिकेत नेक्स्टेल कंपनीने ती गाजवली आणि ३० जून २०१३ ला ते जाळं कायमचं बंद झालं. आपल्या जीएसएम टॉवरची भाषाच त्याला कळत नाही. काही आयडेन फोनांत टॉवरशिवाय बोलायचीही सोय होती हे खरं, पण ती ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर. आपल्याकडे ८९० ते ९१५ हा पट्टा मोबाइलकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींसाठी आहे. तिथे ते बटण दाबणं म्हणजे दुसऱ्याच्या उभ्या पिकात आपली जनावरं सोडणं.

पुढे बटण दाबून टॉवरवरून बोलायची सोय जीएसएमच्या साध्या फोनांतही आली (नोकिया ५१४० आठवतो का कोणाला?), आणि माझ्या दृष्टीने खरी गंमत तिथे आहे.

बटण दाबल्यावर फोन लगेच आवाज पाठवत नाही. आधी "मी बोलू का?" एवढाच निरोप सर्व्हरकडे, म्हणजे कंपनीच्या मधल्या संगणकाकडे जातो. सर्व्हर एकालाच परवानगी देतो आणि त्याच्या फोनवर 'टीं' वाजतं. दोघांनी बटण दाबलं तर ज्याचा निरोप आधी पोचला तो बोलणार, मग बोट कोणाचं आधी पडलं याला किंमत नाही. एका वेळी एकच बोलतो, म्हणून आवाजाची एकच धार वर जाते आणि सर्व्हर तिच्या चार प्रती काढून चौघांना वाटतो.

आता तो आवाज कसा जातो ते बघा. फोन बोलण्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो, सेकंदाला ५०. सगळ्यात काटकसरीच्या पद्धतीत एका तुकड्याचे ९५ बिट होतात, म्हणजे जेमतेम १२ बाइट (एका बाइटचे आठ बिट). पण इंटरनेटच्या वाटेने जायचं तर प्रत्येक पाकिटावर पत्ता, क्रमांक, वेळ लिहावी लागते आणि त्या मजकुराचेच ४० बाइट होतात. चिठ्ठी १२ ची, लिफाफा ४० चा! प्रत्येक तुकडा वेगळा धाडला तर ५२ गुणिले ५०, म्हणजे सेकंदाला २,६०० बाइट, २०,८०० बिट. जीपीआरएस म्हणजे जुन्या फोनांतलं संथ इंटरनेट; त्याच्या एका खणातून, म्हणजे टॉवरच्या वेळेच्या एका वाट्यातून, सेकंदाला साधारण १३,००० बिट जायचे. आवाज मावणारच नाही.

मग उपाय काय? दहा चिठ्ठ्या एकाच लिफाफ्यात घालायच्या. १२० अधिक ४०, झाले १६० बाइट. असे सेकंदाला पाच लिफाफे, म्हणजे ६,४०० बिट. आरामात मावले. फक्त दहावी चिठ्ठी लिहून होईपर्यंत पहिलीला थांबावं लागतं, म्हणजे २०० मिलिसेकंद तिथेच गेले. त्यात ऐकणाऱ्याचा फोन डुलक्या घेत असतो, त्याला जागं करायचं. मागचं पाकीट उशिरा आलं तर बोलणं तुटू नये म्हणून तो फोनही थोडा साठा करून मगच वाजवायला लागतो. अशी सगळी गोळाबेरीज होऊन सेकंद-दीड सेकंद सहज निघून जातो. साध्या कॉलवर एवढा उशीर कोणी खपवून घेणार नाही. इथे खपतो, कारण समोरचा मध्ये बोलूच शकत नाही.

एवढं सांगून मी मान वर केली तर काकाजी आभाळाकडे बघत होते. दूर कुठे गडगडलं आणि त्यांनी स्वतःचा चालू मोबाइल झटकन बंद केला. "वीज वढते मनतात." मोबाइल वीज ओढत नाही, आणि पायाळू माणसावर वीज पडते हेही थोतांडच. वीज बहुधा उंच वस्तू गाठते, म्हणून गडगडायला लागलं की मोकळ्या वावरातल्या एकट्या झाडाखाली आणि मचाणावर थांबायचं नाही. फोन चालू असू द्या, मदत बोलवायला लागला तर?

फ्लिप फोन आता नातीच्या खेळण्यात गेला. नातवाने पाचही जणांच्या मोबाइलवर बटण दाबून बोलायचं ॲप टाकून दिलं. आत तीच गोष्ट, आधी परवानगी, मग आवाज. नेटला पैसे पडतात आणि टॉवर लागतोच, हे काकाजींनी नाइलाजाने मान्य केलं.

पण 'टीं' वाजेपर्यंत थांबायचा धीर त्यांना नाही. पहिल्याच रात्री डुकरं दिसली तसं त्यांनी बटण दाबलं आणि त्याच दमात ओरडले, "नाल्याकडून आली!" बाकी चौघांना ऐकू आलं फक्त "...कडून आली". चौघे चार दिशांना पळाले.