क्लेन्झिंग ऑइलमधल्या एरंडेलाचा गुंता : पार्श्वभूमी

चेहरा धुण्याच्या घरगुती तेलाच्या दोन कृती सध्या फिरताना दिसतात. पहिलीत एरंडेल आणि दुसरे एखादे पातळ तेल मिसळून चेहऱ्यावर चोळतात आणि गरम पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसून काढतात. दुसरीत तेलात इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकमेकांत मिसळू देणारा पदार्थ) घालतात, त्यामुळे पाणी लागताच तेल दुधाळ होते आणि वाहून जाते. नाव दोन्हींचे एकच, क्लेन्झिंग ऑइल. म्हणून एका कृतीच्या सूचना दुसरीला लावल्या जातात आणि 'तेल निघतच नाही', 'चेहरा चिकट राहतो', 'पुटकुळ्या वाढल्या' या तक्रारी बहुतेक त्या घोटाळ्यातूनच येतात.

तेलाने मळ काढण्याची कल्पना जुनी आहे. अभ्यंगानंतर उद्वर्तन (चूर्ण अंगाला चोळणे) हा दिनचर्येतला क्रम आणि दिवाळीतले तेल-उटणे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यातला एक तपशील मात्र आज विसरला जातो. तेल मळ सुटा करते, पण तेलाला अंगावरून नेण्याचे काम दुसऱ्याच पदार्थाचे असते. डाळीचे पीठ तेल शोषून घेते, शिकेकाई आणि रिठ्यातले सॅपोनिन उरलेले सोडवते. रोमन लोक ऑलिव्ह तेल लावून धातूच्या वाकड्या पट्टीने ते खरवडून काढत. नाटकातला नट खोबरेलाने रंग विरघळवतो, कापडाने पुसतो आणि मग साबण लावतो. तेलाला हटवणारे काहीतरी प्रत्येक ठिकाणी आहे. साबणाविना, पिठाविना, निव्वळ पाण्याने निघून जाणारे तेल ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली गोष्ट.

त्यासाठी आधी इमल्सिफायरचे रसायनशास्त्र पुढे जावे लागले. कोणता पदार्थ तेलाकडे जास्त झुकतो आणि कोणता पाण्याकडे, हे आकड्यात मांडणारी एचएलबी मोजपट्टी १९४९ साली आली. आकडा जितका मोठा तितका पदार्थ पाण्याच्या बाजूचा. लेसिथिन या इमल्सिफायरचा आकडा साधारण ४, पॉलिसॉर्बेट ८० या दुसऱ्याचा १५. जपानमध्ये १९६० च्या दशकात मेकअप उतरवण्यासाठी पाण्याने धुतले जाणारे तेल बाजारात आले ते याच ज्ञानावर. चेहरा आधी तेलाने, मग फेसवॉशने धुण्याची पद्धत तिथे रुळली. पुढे २०१० नंतर कोरियन सौंदर्यप्रसाधनांच्या लाटेत ती भारतात 'डबल क्लेन्झिंग' म्हणून पोचली.

मधल्या काळात तेलाचे नाव खराब झाले होते. प्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांना १९७२ साली वैद्यकीय लेखनात स्वतंत्र नाव मिळाले आणि कोणता घटक रोमछिद्रे बंद करतो ते सशाच्या कानावर तपासले जाऊ लागले. खोबरेलाला ४ आणि एरंडेलाला १ असे ० ते ५ चे गुण देणारे तक्ते आजही फिरतात, ते त्या चाचण्यांचे वंशज आहेत. सशाच्या कानाची त्वचा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा खूपच संवेदनशील असते. शिवाय तिथे पदार्थ लावून ठेवलेला असतो, तर धुण्याचे तेल चेहऱ्यावर जेमतेम दीड मिनिट राहते. ते गुण धुण्याच्या तेलाला जसेच्या तसे लावणे चूक आहे. तेल नीट धुतले जात नसेल तर मात्र ते लावून ठेवल्यासारखेच होते, आणि तेव्हा ती भीती खरी ठरते.

एरंडेलाची कृती इंग्रजी इंटरनेटवर २००० च्या दशकाच्या मध्यापासून पसरली. प्रमाण ठरलेले होते: तेलकट त्वचेला ३० टक्के एरंडेल आणि ७० टक्के सूर्यफूल किंवा ऑलिव्ह, मध्यम त्वचेला २० टक्के, कोरड्या त्वचेला १०. कारण असे दिले जाई की एरंडेल 'स्वच्छ करते' आणि दुसरे तेल 'पोषण देते'. इथेच खरा गुंता आहे, आणि तो सोडवल्याशिवाय कोणतीही कृती नीट समजत नाही.

एरंडेल या नावाखाली किमान तीन वेगळे पदार्थ येतात. पहिला, औषधाच्या दुकानात मिळणारे साधे एरंडेल. त्यात ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असते. या आम्लाच्या साखळीवर एक हायड्रॉक्सिल गट असतो, म्हणून एरंडेल इतर खाद्यतेलांच्या दहापटीहून अधिक दाट असते आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. पण पाण्यात ते इतर तेलांइतकेच अमिसळ आहे.

दुसरा, टर्की रेड ऑइल. एरंडेलावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून, मिठाच्या पाण्याने धुऊन, अल्कलीने आम्लता मारून ते बनवतात. १८७० च्या दशकात अलिझारिन या रंगाने कापड लाल रंगवण्यासाठी ते वापरात आले. साबणानंतरचा पहिला कृत्रिम क्षालक (डिटर्जंट) म्हणून त्याची गणना होते, आणि पाण्यात ते सहज पसरते. व्यापारात त्याला 'सल्फोनेटेड कॅस्टर ऑइल' म्हणतात. रासायनिकदृष्ट्या ते प्रामुख्याने सल्फेट आहे, सल्फोनेट नव्हे, पण चुकीचे नाव कायमचे चिकटले. तिसरा, पेग-४० हायड्रोजिनेटेड कॅस्टर ऑइल. पांढरट लगद्यासारखा हा पदार्थ सुगंधी तेले पाण्यात विरघळवण्यासाठी वापरतात.

'एरंडेल पाण्यात मिसळते', 'एरंडेल हे नैसर्गिक डिटर्जंट आहे' ही वाक्ये, 'नैसर्गिक' हा शब्द सोडला तर, दुसऱ्या आणि तिसऱ्या पदार्थाबद्दल खरी आहेत, पहिल्याबद्दल नाहीत. घरगुती कृतीत मात्र बाटली पहिल्याची असते.

साध्या एरंडेलाचे गुण आहेत, पण वेगळे. लिपस्टिकमधले रंगद्रव्य ते छान भिजवते, म्हणून लिपस्टिक बनवताना आणि उतरवताना ते उपयोगी पडते. दाटपणामुळे बोटे चेहऱ्यावर रेंगाळतात, मालिश जास्त वेळ होते, आणि 'जास्त स्वच्छ झाले' असे वाटण्यामागे हे मोठे कारण आहे. उलट खनिज तेलात ते नीट मिसळत नाही. एरंडेल आणि लिक्विड पॅराफिन (म्हणजे खनिज तेल) एका बाटलीत घालून ठेवले की थर वेगळे दिसू लागतात. मेकअपमधले मेण आणि सिलिकॉन सोडवायला पातळ तेल सरस आहे. मग तेलकट त्वचेला एरंडेल वाढवा हा नियम उरतो कशावर? दाट तेल पुसायला जास्त घासावे लागते, घासल्यावर त्वचा कोरडी वाटते, आणि तो कोरडेपणा एरंडेलाचा गुण म्हणून नोंदला जातो. साध्या एरंडेलाला १० टक्क्यांपुढे नेण्याचे सबळ कारण नाही. ओठांच्या ॲलर्जीत लिपस्टिकमधले एरंडेल कारणीभूत असल्याच्या नोंदी आहेत, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे.

हे वाचून कापड-रंगाईच्या दुकानातून टर्की रेड ऑइल आणून चेहऱ्याला लावू नये. औद्योगिक मालात मीठ, उरलेली अल्कली आणि रंग किती आहे याचा भरवसा नसतो. घरी आम्लाची प्रक्रिया करणे तर सरळ धोक्याचे आहे.

कापडाच्या कृतीतून दुसरा एक समज आला: सुरुवातीला पुटकुळ्या वाढल्या तर 'आतला मळ बाहेर येतोय'. रेटिनॉइडने (मुरुमांवरची, व्हिटॅमिन ए च्या जातीची औषधे) त्वचेच्या पेशी झपाट्याने बदलतात, तिथे असे म्हणण्याला आधार आहे. दीड मिनिट चोळलेल्या तेलाने पेशींची गती बदलत नाही. पुटकुळ्या वाढल्या तर तेल उरले आहे, घर्षण झाले आहे किंवा ते तेल मानवत नाही. थांबणे हाच उपाय.

इमल्सिफायरवाली कृती भारतात घराघरांत पोचली ती कॉस्मेटिकचा कच्चा माल छोट्या पाकिटांत मिळू लागल्यावर. १०० ग्रॅमसाठी ८४.५ ग्रॅम तेल, १५ ग्रॅम पॉलिसॉर्बेट ८०, ०.५ ग्रॅम व्हिटॅमिन ई. सगळे वजनाने मोजायचे, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. चमच्याने मोजले तर दरवेळी वेगळे तेल तयार होते. भांडे, चमचा आणि बाटली पूर्ण कोरडी हवी. तेलात पॉलिसॉर्बेट घालून दोन-तीन मिनिटे ढवळावे, गरम करायची गरज नसते. मिश्रण गढूळ दिसते आणि काही दिवसांनी तळाशी दाट थर बसतो. ते खराब झालेले नसते, दरवेळी बाटली हलवावी. पारदर्शकच हवे असेल तर तेलात विरघळणारा इमल्सिफायर लागतो, उदाहरणार्थ पेग-२० ग्लिसरिल ट्रायआयसोस्टिअरेट. पॉलिसॉर्बेट २० वापरू नये. ते पाण्याच्या बाजूला आणखी झुकलेले असल्याने तेलातून लवकर वेगळे होते. 'नैसर्गिक' म्हणून सुचवले जाणारे लेसिथिन उलट टोकाचे आहे, तेल चेहऱ्यावरच राहते. रिठ्याचे पाणी तेलात ओतून काहीच साधत नाही, कारण बाटलीत पाणी आले की बुरशीला आमंत्रण.

प्रमाण बरोबर आहे का ते पेल्यात कळते. अर्धा पेला पाण्यात चार-पाच थेंब टाकून ढवळावे. सारखे दुधाळ झाले तर ठीक. वर तेलाचे सोनेरी थेंब तरंगले तर इमल्सिफायर कमी आहे किंवा नीट मिसळलेला नाही. ५ टक्क्यांखाली सहसा असेच होते. २५ टक्क्यांच्या वर गेल्यास डोळ्यांत चुरचुरते आणि त्वचा ओढल्यासारखी वाटते.

वापरताना हात आणि चेहरा कोरडे हवेत. ओल्या चेहऱ्यावर लावले की तेल तिथेच दुधाळ होते आणि मेकअप विरघळवण्याची ताकद गमावते. ही चूक सर्वांत जास्त होते. ३ ते ४ मिली तेल मिनिटभर चोळावे, मग बोटे ओली करून अर्धा मिनिट, आणि कोमट पाण्याने धुवावे. बोअरच्या जड पाण्यातही हे चालते, कारण पॉलिसॉर्बेटवर विद्युतभार नसतो आणि साबणासारखा पांढरा साका बनत नाही.

तेल कोणते, यावर घाण्याच्या तेलाचे पुरस्कर्ते अडून बसतात. करडईचे घाण्याचे तेल खाण्यासाठी उत्तमच, पण साध्या करडईत तीन चतुर्थांशाच्या आसपास लिनोलेइक आम्ल असते आणि ते हवेने लवकर खवट होते. धुऊन टाकायच्या तेलाला रिफाईंड सूर्यफूल पुरेसे आहे. खोबरेल २४ अंशांखाली थिजते, थंडीत पंप अडतो. कोंड्याच्या जातीची, एकसारख्या बारीक पुळ्यांची तक्रार असेल तर वनस्पती तेलांऐवजी लिक्विड पॅराफिन घ्यावे. कोंड्यामागच्या मॅलेसेझिया यीस्टला त्यात खाद्य मिळत नाही आणि ते खवटही होत नाही. 'खनिज तेल' म्हटल्यावर नाक मुरडले जाते, पण प्रसाधनासाठी शुद्ध केलेले पॅराफिन रोमछिद्रे बंद करत नाही. त्यासाठीचा इमल्सिफायर मात्र वेगळा निवडावा लागतो, पॉलिसॉर्बेट ८० एकटे त्यात टिकत नाही.

व्हिटॅमिन ईबाबतही नावाचाच घोळ आहे. औषधाच्या दुकानातल्या हिरव्या कॅप्सूलमध्ये टोकोफेरिल ॲसिटेट असते. ते शरीरात गेल्यावर कामाला लागते, बाटलीतले तेल खवट होण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी पाकिटावर 'मिक्स्ड टोकोफेरॉल' लिहिलेले हवे. कोरफडीचा गर, ताजी तुळस, गुलाबाच्या पाकळ्या यांतले पाणी बाटलीत शिरते आणि आठवड्याभरात वास बदलतो. तोंड रुंद असलेली बरणी ओल्या हातांनी उघडली तरी हेच होते, म्हणून पंपाची गडद बाटली घ्यावी, न्हाणीघराबाहेर ठेवावी, आणि एका वेळी १०० ग्रॅमच बनवावे. रोज एकदा वापरले तर साधारण महिन्याभरात ते संपते.