महाडचा लाल विंचू आणि एका डॉक्टरच्या नोंदी

एका माणसाने आपला पेशा मन लावून केला तर समाजाचं भलं होतं का, हा प्रश्न निघाला की मला महाड आठवतं. तिथे त्याचं उत्तर मोजता येतं.

कोकणातला लाल विंचू जांभ्या दगडांच्या फटीत, लाकडांच्या ढिगात, पेंढ्यात दडून असतो. चुलीसाठी लाकूड ओढायला हात घालावा आणि डंख बसावा. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो हा लहानसा लाल. या दंशानंतर फुप्फुसांत पाणी भरतं, हे मुंडले यांनी 1961 मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं होतं. तरी 1970 च्या दशकात अत्यवस्थ होऊन आलेल्या शंभर रुग्णांपैकी तीस-चाळीस दगावत. लोक आधी विंचू उतरवणाऱ्याकडे जात, त्यात वेळ जाई, हे खरं. पण सगळा दोष त्याच्यावर टाकणं मला पटत नाही. दवाखान्यात तरी नेमका उपाय कुठे होता?

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे हिम्मतराव बावस्कर नागपूरला एमबीबीएस होऊन 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. हाताशी साधनं बेताचीच. ते रुग्णाच्या खाटेपाशी बसून राहिले आणि जे दिसलं ते लिहीत गेले. ठणक्याने रडणारं मूल बहुधा वाचतं. ज्याला डंखाची जागा फारशी दुखत नाही, पण ओकाऱ्या होतात, घामाने कपडे निथळतात आणि हातपाय गार पडतात, ते धोक्यात असतं. हे फक्त जवळ बसणाऱ्यालाच दिसतं. धोक्याच्या या खुणा 1982 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या.

पुढे पुण्यात एमडी करून ते पुन्हा महाडलाच परतले. मला हा निर्णय सगळ्यात मोठा वाटतो, कारण रुग्ण तिथेच होते. विषामुळे शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी साचून तोंडाला गुलाबी फेस येतो. म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायला हव्यात. त्यासाठी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली. तो अनुभव 1986 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. जिथे ही गोळी वेळेत मिळू लागली तिथे मृत्यूचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरलं.

एकट्याचं काम म्हणतो खरं, पण पत्नी डॉ. प्रमोदिनी या कामात बरोबरीच्या आहेत. विंचवाच्या विषावरचा उतारा (अँटीव्हेनम) प्राझोसिनसोबत दिला तर रुग्ण लवकर बरा होतो, हे 70 रुग्णांवर तपासणारा 2011 चा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला अभ्यास दोघांच्या नावावर आहे. 2022 मध्ये हिम्मतरावांना पद्मश्री मिळाली.

तरी या कामाचं मोल मला पुरस्कारापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. हा उपाय महाडच्या एका दवाखान्याची खासगी विद्या होऊन राहिला नाही. तो लिहिला गेला, छापला गेला, म्हणून जिथे गोळी आणि रक्तदाब मोजायचं यंत्र आहे अशा कुठल्याही केंद्रातला नवखा डॉक्टरही तो करू शकतो. त्यात एक बारकी सूचनाही आहे. पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून मूल कितीही रडलं तरी आईने त्याला उचलून कडेवर घ्यायचं नाही. त्याला आडवंच ठेवायचं आणि आपण शेजारी बसायचं.